कुठलं पुस्तक हातात, कुठलं कानात

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांना ताण नको म्हणून आईचं वाचन काही दिवस बंद झालं. जेवतानाही जिला ताटाशेजारी मासिक लागतं, तिने दिवसभर करायचं काय? म्हणून आमच्या घरात पहिलं ऑडिओबुक आलं. उशाशी मोबाइल, आवाज जरा मोठा आणि एक ऐसपैस कौटुंबिक कादंबरी. दोन दिवस खुशीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "अगं, तो थोरला गेला कधी? हे लोक तर त्याचं वर्षश्राद्ध घालायला बसलेत."

झालं होतं असं, की आईचा डोळा लागला तरी वाचणारा वाचतच राहिला. छापील पुस्तक वाचताना झोप आली की ते छातीवर पडतं आणि सकाळी पान साधारण तिथेच सापडतं. कानातलं पुस्तक तुमच्यासाठी थांबत नाही. ऑडिओबुकच्या ॲपमध्ये चंद्रकोरीचं किंवा घड्याळाचं एक छोटं चिन्ह असतं, तो स्लीप टायमर. पंधरा मिनिटं, अर्धा तास किंवा चालू प्रकरण संपेपर्यंत, यातलं काहीतरी निवडलं की आवाज आपोआप बंद होतो. मला हे ठाऊक होतं, आईला सांगायचं राहून गेलं. कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून कानात जाताना माणसं बहुतेक अशाच बारीकसारीक ठिकाणी अडखळतात आणि मग "आपल्याला ते जमत नाही बुवा" म्हणून सोडून देतात.

ओळखीपाळखीत मी वाचनाबद्दल फुकटचे सल्ले देणारी म्हणून बदनाम आहे. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा, की ऐकणं म्हणजे वाचणं धरायचं का? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव असतो. खरं तर आपल्याकडे ही चोरी फार जुनी आहे. पोथी एकजण वाचायचा आणि ओसरीभर माणसं ऐकायची. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा आहे. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा 56 गीतांची ती मालिका लोकांनी वर्षभर आठवड्यामागून आठवडे कान देऊन ऐकली. तेव्हा ऐकण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. विचार करायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. हातात असलेला वेळ कसला आहे आणि पुस्तक कसलं आहे, या दोहोंची सोयरीक जुळते का, ते बघायचं.

आधी वेळ बघू. "वाचायला वेळच मिळत नाही" म्हणणाऱ्याला मी चार दिवस एका कागदावर टिपणं करायला लावते. दिवसात डोळे, हात आणि कान कधी मोकळे असतात? तिन्ही एकदम मोकळे असायची वेळ फार थोडी असते, हे लगेच कळतं. माझंच सांगते. डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलने तास-सव्वा तास, तोही बऱ्याचदा उभ्याने. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पर्स. तिथे पाचशे पानांचं पुस्तक उघडणं म्हणजे शेजारणीच्या डोक्यावर आपटणं. पण कान रिकामे असतात. घरी मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना कानच रिकामे असतात. रात्री जेवणं आटोपल्यावर जो पाऊण तास खुर्चीत मिळतो, तेवढाच डोळ्यांचा आणि हातांचा. दोनशे पानांचं पुस्तक मोठ्याने वाचायला साधारण सहा-सात तास लागतात. म्हणजे जाऊन-येऊन दोन तास लोकलमध्ये असणाऱ्या बाईचं ते आठवड्याच्या आत होतं. मात्र स्कूटरवर आणि रूळ ओलांडताना कानात काहीही नको. ते पुस्तक कितीही रंगलेलं असू दे.

आता पुस्तक. सरळ पुढे जाणारी, बोलल्यासारखी लिहिलेली पुस्तकं कानाला फार चांगली लागतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे त्याचं नामी उदाहरण. कुणीतरी पडवीत बसून सांगतंय असाच त्या गद्याचा पोत आहे. आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, विनोद, रहस्यकथा यांतलं बरंचसं ऐकण्याजोगं. उलट जी. ए. कुलकर्णींची कथा मी कधी ऐकायला घेणार नाही. तिथे एक वाक्य वाचून थांबावं लागतं, मागचं पान पुन्हा उघडावं लागतं आणि निवेदक तर पुढे निघून गेलेला असतो. तळटीपांचा इतिहास, आकडे, नकाशे, कायद्याची पुस्तकं, पाककृती आणि परीक्षेचा अभ्यास या गोष्टी कागदावरच बऱ्या. कविता ऐकायची तर पुस्तक समोर उघडं ठेवून, एका वेळी दोन-तीन.

माहितीचा मजकूर कागदावरच बरा, हे नुसतं माझं मत नाही. 2018 साली स्पेनमधल्या संशोधकांनी 2000 ते 2017 या काळातले 54 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत भाग घेणाऱ्यांची एकूण संख्या 1,70,000 च्या वर होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा जास्त चांगला समजला आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक आणखी वाढला. गोष्टीच्या मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. ऐकण्याबद्दल 2016 चा एक अमेरिकी प्रयोग लोक नेहमी पुढे करतात. 91 जणांपैकी काहींनी एका पुस्तकाचा भाग ऐकला, काहींनी वाचला, काहींनी दोन्ही केलं. समजण्यात लगेच किंवा दोन आठवड्यांनीही लक्षणीय फरक निघाला नाही. पण त्यातली मेख अशी, की वाचणारे पडद्यावर वाचत होते, कागदावर नाही. म्हणून "ऐकलं काय नि वाचलं काय, सारखंच" असं त्यावरून ठोकून देऊ नये. कॉलेजात शिकणारी मुलं आईबापांना हा प्रयोग दाखवून अभ्यासाचं पुस्तक कानात घालायला बघतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ऐकताना

ऑडिओबुकचं यश निम्मं लेखकाचं आणि निम्मं वाचणाऱ्याचं. मराठीत हे जास्तच खरं आहे, कारण आपली लिपी उच्चार पूर्ण सांगत नाही. 'जग' म्हणजे दुनिया यातला ज वेगळा आणि 'जगणं' मधला ज वेगळा. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा. आपण हे न शिकता बोलतो, पण मोबाइलमधला यंत्राचा आवाज इथे बऱ्याचदा घसरतो. मराठीची पुरेशी सवय नसलेला निवेदकही घसरतो. एकदा मी एका ऐतिहासिक कादंबरीत 'जरीपटका' हा शब्द 'जीव'मधल्या 'ज'ने ऐकला आणि पुढचा अर्धा तास मला लढाई दिसेना, तो 'ज'च दिसत राहिला. म्हणून पैसे भरण्याआधी नमुना ऐका. पाच मिनिटं पुरतात. संवाद आले की सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात का, विरामचिन्हाला वाचणारा श्वास घेतो का, मागे उगाच संगीत वाजतंय का, एवढं तपासा. नाट्य फार करणारा निवेदक पहिल्या प्रकरणात आवडतो आणि पाचव्यात नकोसा होतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

चांगला निवेदक मिळाला तर एक गोष्ट कागदापेक्षाही सरस होते, ती म्हणजे बोली. शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला 'बनगरवाडी'तली माणदेशी बोली किंवा मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी संवाद कागदावर वाचताना ठेच लागते. डोळा शब्दावर अडतो, डोकं मनातल्या मनात त्याचं प्रमाण मराठी करत बसतं. तोच संवाद त्या भागातल्या माणसाच्या तोंडून ऐकला की अर्थ आधी कळतो, शब्द मागाहून. ग्रामीण साहित्य वाचायला अवघड जातं म्हणणाऱ्यांनी ते आधी ऐकावं आणि मग कागदावर यावं, असं मी आवर्जून सांगते.

स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आली, ऑडिबल 2018 मध्ये. आज मराठीत ऐकायला मिळणाऱ्या पुस्तकांची यादी लांबलचक आहे. दरमहा वर्गणी भरण्याआधी एक करा. तुम्हाला खरोखर ऐकायची असलेली दहा पुस्तकं कागदावर लिहा आणि त्यांतली किती तिथे आहेत ते शोधा. तीनच सापडली तर वर्गणी वाया जाणार. बरीचशी सापडली, तर वर्गणी भरा आणि पहिला महिना वेग एकपटच ठेवा. दीडपट वेगाने कादंबरी ऐकणारे लोक मला पंगतीत वाढप्याच्या पुढे जेवणाऱ्यांसारखे वाटतात, पण माहितीपर पुस्तकाला सव्वापट वेग खपून जातो. लोकलमध्ये गाडीचा खडखडाट आणि स्टेशनांच्या घोषणा यांत दोन वाक्यं हमखास बुडतात. त्यासाठी पंधरा सेकंद मागे नेणारं बटण असतं, ते न लाजता वापरा.

ज्यांना दृष्टिदोषामुळे छापील वाचता येत नाही, त्यांच्यासाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे 2016 पासूनचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला स्वामित्व हक्क कायदा अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला मुभा देतो. घरात असं कुणी असेल तर विकतच्या ॲपकडे जाण्याआधी इथे सभासदत्व घ्या.

पडद्यावर

'मराठी ई-बुक वाचवत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी खरं ई-बुक पाहिलेलंच नसतं. त्यांनी पाहिलेला असतो पानांचा फोटो. त्याला कारण आहे. मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृतीसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्यात आपल्याला पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तिथे भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. तो मजकूर युनिकोडमध्ये नेला की रफार उडतात, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, जोडाक्षरं फुटतात, आणि सगळं पुस्तक पुन्हा मुद्रितशोधकाच्या हाताखालून काढावं लागतं. तो खर्च टाळायचा तर पानंच्या पानं पीडीएफ करून टाकायची, हा सोपा मार्ग. मग तुम्ही सहा इंची पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला जाता, बोटांनी मोठं करता, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवता, परत मागे येता. दहा पानांत माणूस थकतो आणि दोष वाचनाच्या बदलत्या सवयींना देतो.

ओळखायचं कसं? नमुन्याची पानं उतरवून घ्या आणि अक्षर मोठं करून बघा. ओळी नव्याने जुळल्या, तर ते ई-बुक. सगळं पानच फुगलं, तर फोटो. दुसरी खूण म्हणजे शोध. 'आणि' हा शब्द शोधायला सांगा. एवढा मोठा ग्रंथ आणि त्यात एकही 'आणि' नाही असं उत्तर आलं की समजून जा. फोटोवजा पीडीएफ टॅबवर किंवा संगणकावर चालतं, फोनवर आणि किंडलवर घेऊ नका.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे डिसेंबर 2016 मध्ये आली. फोन की किंडल असं विचाराल तर महिन्याला दोन-तीन पुस्तकं वाचणाऱ्याने किंडलसारखं ई-इंकचं यंत्र घ्यावं, एरवी फोन पुरे. ई-इंकचा पडदा उन्हात कागदासारखा दिसतो आणि त्यावर व्हॉट्सॲप येत नाही. हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोठा. फोनवरच वाचायचं असेल तर विमान मोड लावून वाचा, पार्श्वभूमी किंचित पिवळसर करा, अक्षर तुम्हाला हवं त्याहून एक पायरी मोठं ठेवा. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतरही वाढवून घ्यावं लागतं. झोपायच्या आधीच्या तासाला मात्र झगझगीत पडदा नको.

पडद्यावरच्या वाचनात एक गोष्ट हरवते. नॉर्वेतल्या संशोधक अ‍ॅन मांगेन यांच्या गटाने 2019 साली 50 जणांना एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बाकी समज जवळपास सारखीच होती, पण घटना कुठल्या क्रमाने घडल्या हे सांगताना किंडलवाले मागे पडले. छापील पुस्तकात डाव्या हातातला गठ्ठा जाड होतो, उजव्या हातातला बारीक होतो, आणि गोष्टीत आपण कुठे आहोत हे बोटांना कळत राहतं. किंडलवर तिथे '43 टक्के' असा आकडा असतो. त्यावर माझा उपाय अगदी घरगुती आहे. पात्रं खूप असली की एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नावं आणि नाती लिहायची, प्रकरण संपलं की काय घडलं त्याची एक ओळ. ऐकलेल्या पुस्तकालाही हाच उपाय, फक्त तो त्याच संध्याकाळी करायचा. दुसऱ्या दिवशी निवेदकाचा आवाज आठवतो, मजकूर आठवत नाही.

आणखी एक. विकत घेतलेलं ई-बुक तुमच्या मालकीचं नसतं, तो वाचण्याचा परवाना असतो. 2009 साली हक्कांच्या घोळामुळे ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती, आणि त्यांतलं एक नेमकं '1984' होतं! तेव्हा मुलांना द्यायचं पुस्तक, आयुष्यभर पुन्हा पुन्हा उघडायचं पुस्तक कागदावर घ्या. एकदाच वाचून सोडायचं असेल ते पडद्यावर चालेल.

फुकट आणि विकत

पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवणं मराठी घरांत अजून चोरी धरली जात नाही. ती चोरीच आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजार प्रतींची असते. तिथे शंभर जणांनी पीडीएफवर भागवलं तर दुसरी आवृत्ती निघतच नाही. आणि गरजही नाही, कारण रीतसर फुकट मिळणारं इतकं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षारंभापासून. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 2011 पासून त्यांची पुस्तकं मोकळी आहेत. हरिभाऊ आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, मर्ढेकर मोकळे आहेत. पु. ल. 2000 साली गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत त्यांची पुस्तकं विकत किंवा वाचनालयातूनच. मोकळी पुस्तकं मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट अर्काइव्हवर शोधा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर उतरवून घ्यायला ठेवली आहेत. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. तो उघडताना घड्याळ लावून बसा, एका नोंदीवरून दुसरीवर जाता जाता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

छापील विकत घेताना बांधणी बघायची सवय लावा. पुस्तकाचा वरचा काठ डोळ्यांसमोर धरा. सोळा-सोळा पानांचे फर्मे दुमडून शिवलेले दिसले तर ते पुस्तक नातवंडांपर्यंत जाईल. सगळी पानं सुटी कापून नुसत्या गोंदावर चिकटवलेली दिसली तर दहा वर्षांनी ती पावसाळ्यात हातात येतील. कोकणात तर त्याआधीच. परदेशी राहणाऱ्या मुलांना पुस्तकं द्यायची तर हे आणखी महत्त्वाचं, कारण 23 किलोच्या बॅगेत लोणच्याशी भांडून पुस्तकाने जागा मिळवलेली असते.

आणि विकत घेण्याआधी वाचनालय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. तुमच्या गावातही एखादं असेल, आणि त्याची महिन्याची वर्गणी एखाद्या पिझ्झ्यापेक्षा कमी असेल. ऐकून किंवा पडद्यावर वाचून आवडलेलं पुस्तक तिथून आणून पुन्हा चाळायचं, ही माझी पद्धत आहे. पाच पुस्तकांतलं एखादंच असं परत हातात घ्यावंसं वाटतं, आणि तेवढंच मी विकत घेते. कपाटातली जागा त्यामुळे वाचते.

आईचा डोळा आता बरा आहे, चष्मा नवा आहे आणि ऑडिओबुकची गोडी मात्र टिकली आहे. दुपारी ती स्लीप टायमर लावून ऐकते. म्हणून मध्ये मी सहज म्हटलं, की वाचनालयाची वर्गणी आता बंद करूया का. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "दिवाळी अंक कोण आणणार? त्यातली व्यंगचित्रं काय मला वाचून दाखवणारेय तो तुझा माणूस? आणि वार्षिक भविष्य मी सगळ्यांच्या राशींचं बघते, फक्त माझं नाही. अंक पलंगावर पसरून बसते मी." काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून बायका असंच सांगत आल्या असणार. मी वर्गणी भरून आले. तीन महिन्यांची एकदम.